आप्पांची 52 पुस्तकं

कोल्हापूरच्या माणसाला कुठलीही गोष्ट नुसत्या हौसेनं करता येत नाही. ती ईर्षेनं करावी लागते. आप्पांचं वाचन असंच सुरू झालं. मार्केट यार्डात गुळाची अडत, वय साठीला टेकलेलं आणि वाचनाशी संबंध शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्यांपुरता. पुण्याच्या व्याह्यांनी एकदा जेवताना सहज विचारलं, "सध्या काय वाचताय?" आप्पांनी सरळ सांगितलं, "पुढारी." व्याही मोठ्यानं हसले असते तर आप्पांनी सोडून दिलं असतं. ते गालातल्या गालात हसले.

1 जानेवारीला आप्पांनी जाहीर केलं : आठवड्याला एक, वर्षाला 52 पुस्तकं. जाहीर केलं ते गंगावेशीत, म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून, चार माणसांच्या देखत. म्हणजे माघारीची वाट बंद.

करवीर नगर वाचन मंदिर 1850 साली 'कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी' म्हणून सुरू झालं. आप्पा त्याच्यावरून जन्मभर ये-जा करत होते, आत पहिल्यांदाच शिरले. काउंटरवर हात टेकून म्हणाले, "एक नंबरचा माल दाखवा." समोर आलेलं पुस्तक त्यांनी गुळाच्या रव्यासारखं हातावर तोललं, अंगठ्यानं दाबून बघितलं, मग उघडून वास घेतला. "जुना माल हाय, पण धरलाय चांगला," असा निकाल देऊन त्यांनी सही केली.

शिस्तीसाठी त्यांनी थेट शाहू महाराजांचा आधार घेतला. महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड होता. आप्पांनी महागाई धरून दर ठरवला : वाचनाचा एक खाडा, 10 रुपये. दंडाचा डबा नातीच्या ताब्यात. दोन आठवड्यांत पोर दुपारी आजोबांच्या उशाशी येऊन विचारायला लागली, "आजोबा, आज दमलायसा न्हवं? झोपा की."

सुरुवात घरच्या मालापासून. शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे आणि खांडेकर तर कोल्हापूरचेच झालेले. खांडेकरांच्या 'ययाति'ला 1974 साली ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, हे कळल्यावर आप्पांनी ते कट्ट्यावर असं सांगितलं, की जणू मालाला भाव यांनीच काढून दिला होता. पुस्तक वाचून झालं, म्हाताऱ्या राजानं पोराचं तारुण्य मागून घेतल्याचं समजलं, आणि आप्पा चार दिवस आपल्या थोरल्याकडं जरा अंदाज घेतल्यासारखं बघत होते. सावंतांच्या 'मृत्युंजय'बद्दल तक्रार वेगळी होती. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, जो तो उठून आपापली बाजू सांगतो. "सहा साक्षीदार तपासले राव, आन् निकाल तोच!" 'पॅपिलॉन'च्या आठवड्यात मात्र कहर झाला. त्यातला कैदी समुद्रात उडी मारायच्या बेतात असताना यार्डातून सौद्यासाठी फोन आला. आप्पा म्हणाले, "थांबा जरा, माणूस कड्यावर हुबा हाय."

दसरा आला, गुळाचा सीझन तोंडावर आला आणि आकडा अजून 31 वर. मग आप्पा व्यापारी डोक्यानं वागले. जाड पुस्तकं बंद, बारीक माल चालू. असंच एक खिशात मावणारं पुस्तक त्यांनी उचललं : गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' पानसरे इथलेच, पुस्तक तासा-दोन तासांत उरकण्यासारखं, आकडा 32 झालाच म्हणून समजा!

आठवडा झाला, पुस्तक संपेना. संपलं की आप्पा पुन्हा पहिल्या पानावर जात. सैन्यानं रयतेच्या पिकाला, गवताच्या काडीला हात लावायचा नाही, ही शिवाजी महाराजांची ताकीद त्यांनी लहानपणापासून भाषणांत ऐकली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या. आता ती गादीवर बसून, समोर पट्ट्यांचा गठ्ठा ठेवून वाचायची वेळ आली. त्या आठवड्यात त्यांनी दिवाणजीला बोलावून हमाली आणि तोलाईचे आकडे दोनदा तपासायला लावले. दिवाणजी आप्पांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, विचारून गेला, "मालकांची तब्येत बरी हाय न्हवं?"

इकडं तालमीच्या पोरांनी उत्साहात चौकात डिजिटल बोर्ड लावला. गॉगलमधले आप्पा, शेजारी पुस्तकांचा ढीग, खाली 'एका वर्षात 52 पुस्तकं! नाद खुळा!' आणि शुभेच्छुक म्हणून अशा चौदा जणांचे फोटो, ज्यांनी दहावीचं पुस्तकसुद्धा पुरतं उघडलं नव्हतं. आप्पा ओरडले, "आरं, 32 च झाली की!" पोरं म्हणाली, "दिवाळीत प्रिंटिंगला सूट होती, आप्पा. तुम्ही वाचा निवांत."

दिवाळीत व्याही आले. येतानाच त्यांनी बोर्ड बघितला होता. फराळाला बसल्यावर म्हणाले, "कमाल आहे तुमची! मग त्यातलं सगळ्यांत आवडलं कुठलं?"

आप्पांनी चकली खाली ठेवली. रयतेपासून सुरुवात केली, तिथून शेतकऱ्याच्या पट्टीवर आले, मग तोलाई, हमाली, उचल, व्याज, मध्येच उठून गेल्या वर्षीच्या वह्या काढून आणल्या. पाऊण तास झाला. व्याह्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, वहिनींनी दोनदा चहा गरम केला. पुस्तकाचं नाव सांगायचं मात्र आप्पांच्या साफ ध्यानातून गेलं.