प्यायला तो, अडकली ती

गटारी जवळ आली की आमच्या शहरात दोन गोष्टी चढतात, कोंबडीचा भाव आणि नाकाबंदी. पहिलीची बातमी पेपरात येते. दुसरीची सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर: ‘पुलाखाली मामा उभे आहेत, आतल्या रस्त्याने या.’ हा मेसेज टाकणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ग्रुपवर ‘सिंगापुरात कशी शिस्त असते पाहा’ असा व्हिडिओ टाकतात. ग्रुप दोन्हींना सारखाच अंगठा दाखवतो.

यंदा मेसेजला उशीर झाला आणि बी विंगमधले एक सद्गृहस्थ नेमके पुलाखाली सापडले.

पुढचं सगळं ठरलेलं. काच खाली. ‘फुंका.’ सद्गृहस्थांनी गाल फुगवले, आवाज काढला, हवा मात्र आत ओढली. ‘शंख वाजवता ना गणपतीत? तसं.’ मग दमदार फुंकले. तोंडात बडीशेप, वेलदोडा आणि बारच्या दारातलं कलकत्ता पान, असा तिहेरी बंदोबस्त होता. पण त्या यंत्राला तोंडाच्या वासाशी देणंघेणं नसतं. ते फुफ्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं, आणि वेलदोडा फुफ्फुसात जात नाही. आपल्याकडे मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची. इंग्लंडात हीच मर्यादा 80 आहे, हे सद्गृहस्थांना त्या घटकेला तोंडपाठ होतं. घरचा पिनकोड आठवत नव्हता. ‘मशीन खराब आहे’ झालं, ‘दोनच पेग’ झालं, शेवटी ‘जरा साहेबांशी बोला ना’ म्हणत फोन पुढे केला. हवालदारांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. हल्ली फोन कुणी घेत नाही. पलीकडे खरंच साहेब निघाला तर पंचाईत, आणि मेहुणा निघाला तर वेळ फुकट.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. 2019 च्या दुरुस्तीपासून पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 10,000 रुपये दंड, नाहीतर दोन्ही. दुसऱ्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर 15,000, नाहीतर दोन्ही. त्याआधी पहिल्या खेपेचा दंड 2,000 पर्यंतच होता, म्हणजे बारच्या बिलापुढे टिपच म्हणायची. सिग्नल तोडला, हेल्मेट नसलं, तर पैसे भरून मोकळं होता येतं. 185 मात्र तडजोडीच्या यादीतच नाही. कोर्टाची पायरी चढावी लागते. लायसन्स जागेवर काढून घेतात आणि पुढच्या कारवाईसाठी आरटीओकडे धाडतात. याच राज्यात दारू पिण्यासाठीही परवाना लागतो, आणि एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. सरकार दोन्हींचं लायसन्स देतं, फक्त एकाच रात्री दोन्ही वापरू नका म्हणतं. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

हे झालं माणसाचं. गाडीचं काय? कलम 202 सांगतं की चालकाला अटक केली तर गरजेप्रमाणे वाहनाची तात्पुरती व्यवस्था लावावी. बस्स. तात्पुरती म्हणजे किती, व्यवस्था म्हणजे कुठे, हे ज्या त्या चौकीच्या मर्जीवर. कुठे शुद्धीतला, लायसन्सवाला माणूस बोलावला की गाडी त्याच्या हाती देतात. कुठे ‘आधी कोर्टाचा कागद आणा, मग बघू’. आमच्या वाट्याला दुसरी चौकी आली होती.

तेव्हा त्या रात्रीचा निकाल असा: गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे जो प्यायला होता तो दोन वाजता रिक्षाने घरी येऊन घोरत पडला. आणि जिने संध्याकाळपासून पेट्रोलखेरीज कशालाही तोंड लावलं नव्हतं, ती चौकीच्या मागच्या आवारात जमा.

सकाळी उतरल्यावर सद्गृहस्थांना पहिली आठवण गाडीची आली. ऑफिसला कसं जायचं, डिकीत लॅपटॉप आहे, म्यूझिक सिस्टिम काढून नेली तर? बायकोने चहा पुढे ठेवला आणि एक अक्षर बोलली नाही. त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

चौकीत मागणी साधी होती. आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र. गाडी सोडवायला गेलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे गाडी आहे, कागद नाहीत. विमा सापडला, मागच्या वर्षीचा. चालू वर्षाचा कुठल्यातरी ई-मेलमध्ये होता आणि त्या ई-मेलचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये, जो डिकीत. पीयूसीची मुदत संपलेली. ‘काढून आणतो की’, म्हणून सद्गृहस्थ पेट्रोल पंपाकडे निघाले आणि फाटकात थबकले. पीयूसीला गाडी न्यावी लागते. मोबाइलवर थकलेली ई-चलानं निघाली ती वेगळीच. त्यातल्या दोन फोटोंत गाडी झेब्रा क्रॉसिंगवर ऐसपैस बसलेली दिसत होती. तीसुद्धा आत्ताच निस्तरून टाका, असा प्रेमळ सल्ला मिळाला.

खरा बॉम्ब आरसीत होता. मालकाचं नाव: सासरे. गाडी लग्नात आलेली. हुंडा नव्हे हो, ‘आमच्या हौसेनं’. आठ वर्षांत ती नावावर करून घ्यायला जावयांना सवड झाली नव्हती. कागदोपत्री गाडी अजून सांगलीत राहत होती आणि मालक हजर पाहिजे होता, नाहीतर त्याचं सहीचं अधिकारपत्र.

सासरे माळकरी. गेली तीस वर्षं वारी चुकलेली नाही. त्यातून महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त, म्हणजे विठ्ठलानंतर श्रद्धा कुणावर असेल तर ती मूळ कागदावर. जावयांनी फोन लावला. ‘नो-पार्किंगमधनं उचलली हो मामा, एक छोटंसं अधिकारपत्र लागेल.’ पलीकडे शांतता. मग, ‘पावतीचा फोटो धाडा.’ धाडावाच लागला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘185 म्हणजे नो-पार्किंग नव्हे, जावईबापू. अधिकारपत्र करतो. लेकीच्या नावानं करतो.’

सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद केली त्या संसदेला हा फोन सुचला नाही.

शेजारधर्म म्हणून, आणि सदराला विषय मिळतो म्हणून, मी त्यांच्याबरोबर आवारात गेलो. चौकीमागचं आवार प्रत्येकाने एकदा पाहावं. एक चाक नसलेली रिक्षा, बसायची सीट उंदरांनी खाल्लेल्या मोटारसायकली, आणि एका जीपच्या बॉनेटमधून वर आलेला मनगटाएवढा पिंपळ. प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगात ‘गु. र. नं.’ आणि आकडे. काहींचे आकडे पावसाने पुसलेत, म्हणजे आता ती वाहनं कुठल्याच गुन्ह्यातली नाहीत आणि तरी सुटणार नाहीत. आमची गाडी त्यातल्या त्यात नवी, कडेला उभी. फुंकण्यासाठी खाली केलेली ड्रायव्हरकडची काच खालीच राहिली होती. आषाढाचा पाऊस रीतसर आत आला होता. सीट दाबली की पाणी वर यायचं, आणि पान थुंकायला धरलेला टिश्यूपेपर अजून दारात चिकटलेला होता.

गाड्या अशा कुजवू नका, असं सर्वोच्च न्यायालय 2002 सालीच सांगून बसलंय. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि गाडी मालकाला देऊन टाका. ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवून काही साधत नाही. पंचनामा आणि फोटो पुराव्याला पुरतात. आता यातली गंमत. हे प्रकरण कुणा गाडीमालकाने आणलं नव्हतं. त्यात आरोपी होते खुद्द पोलीस. ठाण्यात ठेवलेला मुद्देमाल बदलला, पैसे हडप केले, परस्पर लिलाव केला, असे आरोप. मुद्देमाल सांभाळणाऱ्यांपासून मुद्देमाल सांभाळण्याचा उपाय म्हणून न्यायालयाने सांगितलं, तो ठेवूच नका. देशभरचे वकील गाडी सोडवायच्या अर्जात आजही हाच निवाडा चिकटवतात. पुढे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 497 मध्ये तर मुदतीच घातल्या: कोर्टाने 14 दिवसांत मुद्देमालाची यादी करायची, मग 30 दिवसांत तो मार्गी लावायचा. जीपमधल्या पिंपळाने यातलं काही वाचलेलं दिसत नाही.

अपघात झाला असेल तर आणखी एक वळण. मोटार वाहन निरीक्षक येऊन तपासणी करणार. मोटार वाहन कायद्याचं कलम 136 म्हणतं, गाडी मालकाला 24 तासांत परत करावी. वाचून बरं वाटतं. मग आधीचे शब्द दिसतात: ‘औपचारिकता पूर्ण झाल्यावर’. आणि प्यायलेल्याच्या हातून गाडी ठोकली गेली तर विमा कंपनी दुरुस्तीचा दमडा देत नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोर्शेच्या दाव्यात विमा कंपनीचं हे म्हणणं उचलून धरलं, तेही श्वासचाचणीचा आकडा हातात नसताना.

पोर्शे म्हटलं की पुणेकराला दुसरीच आठवते. 19 मे 2024, कल्याणीनगर. दोन तरुण अभियंते गेले. त्या कोट्यवधींच्या गाडीची नोंदणी 1,758 रुपयांच्या शुल्कापायी अडली होती. गाडीला नंबर नाही, ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. त्या साऱ्या प्रकरणात अल्पवयीन चालकाला जामीन देताना बिनतक्रार मागितला गेला तो 300 शब्दांचा निबंध. हे सदर त्याच्या तिपटीहून मोठं भरेल आणि माझ्यावर साधं ई-चलानही नाही.

आमच्या सद्गृहस्थांनी ते पोर्शेचं प्रकरण सुरू असताना ग्रुपवर मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं, आणि ‘अशांना भर चौकात...’ असं काहीबाही. त्यावर सत्तावीस अंगठे. परवा कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्यांना त्याची आठवण केली. ‘ते वेगळं हो,’ ते म्हणाले, ‘ती केस वेगळी. मी कुणाला उडवलं का?’ नाही उडवलं. पुलाखाली त्यांना थांबवलं होतं, म्हणून नाही उडवलं. पण त्या हवालदारांबद्दल त्यांच्या तोंडून जे निघत होतं ते संपादक छापणार नाहीत.

कोर्टातलं काम रटाळ आणि सरळ. झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या वकिलांनी अर्ज केला, वकीलपत्र, स्टॅम्प, सुंदरभाईंचा निवाडा. दंडाची सुनावणी पुढच्या तारखेला. गाडी मात्र बंधपत्रावर सोडायचा आदेश झाला. आदेश घेऊन चौकीत आलो तेव्हा मुद्देमाल कारकून जेवायला गेले होते. आले. डबा धुतला. रजिस्टर काढलं.

अधिकारपत्र लेकीच्या नावाचं, म्हणून सुपूर्दनाम्यावर सही बाईंचीच. सद्गृहस्थ मागे भिंतीला टेकून उभे, हातात छत्री. कारकुनांनी अटी वाचून दाखवल्या. गाडी विकायची नाही. कुणाच्या नावावर करायची नाही. रंग बदलायचा नाही. इंजिन, चासी, कशातही फेरफार नाही. कोर्ट बोलावेल तेव्हा आहे त्या स्थितीत हजर करायची. कसूर झाली तर बंधपत्राची रक्कम जप्त.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, पानापानावर सह्या केल्या, किल्ली पर्समध्ये टाकली. मग मागे भिंतीकडे हात करून विचारलं, ‘आणि ह्यांच्यासाठी काय अटी?’

कारकुनांनी चष्मा वर केला, सुपूर्दनामा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘मागची बाजू कोरी आहे, ताई. तुम्हीच लिहा.’