उड्या मारा, पण मारू नका!

माउंटन बाइकची जाहिरात बघावी. कॅनडातल्या व्हिस्लरसारख्या डोंगरात एक पोरगा कड्यावरून झेपावतो, चिखल उडतो, संगीत टिपेला पोचतं. मग सायकलसोबतची पुस्तिका उघडावी. सायकल क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गातली असेल, तर उडीची मर्यादा ६१ सेंटिमीटर! आपल्याकडे लग्नातलं स्टेजही याहून उंच असतं.

फ्रेमला आजीवन वॉरंटी असते, हे खरं. बहुधा ती पहिल्याच मालकाला, पावती असेल तरच, आणि अपघात, गैरवापर व नेहमीची झीज वगळून. खरी मेख या झिजेत आहे. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. बारीकसारीक हादरेही साठत जातात आणि एक दिवस हँडलखालच्या हेड ट्यूबच्या वेल्डिंगखाली केसाएवढी रेघ दिसते. रंग उडालाय म्हणून नखाने खरवडावं, तर नख अडकतं. कंपनीला फोटो पाठवला की उत्तर तयार: हा अपघात दिसतोय. अपघात झालाच नाही म्हणावं, तर मग ही झीज!

तरी कंपनी अगदीच निर्दय नसते. 'क्रॅश रिप्लेसमेंट' म्हणून सवलतीत नवी फ्रेम देते. फक्त जुनं मागचं चाक १४२ मिलिमीटरच्या हबचं, नव्या फ्रेमला लागतं १४८. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

तेव्हा पावती जपून ठेवा. आणि दावा दाखल करण्याआधी उडीचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवरून काढून टाका.