अवं माय, पोरानं कानात काय घातलंय!

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही उगाच म्हणत नाही. पॅरिसात आज जे घालतात ते गांधी पार्कात आल्याशिवाय राहत नाही. वाटेत पुण्याला मुक्काम पडतो, एवढंच. तर ताजी खबर ऐका. पोरांनी पोरींचं आणि पोरींनी पोरांचं घालायचा सपाटा लावलाय, आणि जिंतूर रोडपासून वसमत रोडपर्यंत एकाही काकूला दुपारची झोप लागेना.

पोराच्या कानात खडा, गळ्यात मोत्यांचा सर, नखांना काळं पॉलिश, अंगात फुलाफुलांचा झुळझुळीत शर्ट आणि डोक्यावर असा बुचडा की आजीचा अंबाडा लाजावा. पोरगी म्हणाल तर केस कानाच्या वर, सहा खिशांची कार्गो आणि आत तिघी मावतील असा टी-शर्ट. मागून "ताई, जरा सरका" म्हणावं तर दाढीवाला वळून बघतो. त्यात आमचा उन्हाळा. एप्रिल लागला की स्कूटीवरचं प्रत्येक डोकं स्कार्फात गुंडाळलेलं, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. तो आहे की ती, हे गाडी स्टँडला लावून स्कार्फ सोडेपर्यंत सख्ख्या आईलाही कळत नाही. पण ते उन्हासाठी. त्याला कुणी थेरं म्हणत नाही.

खरा बोभाटा झाला उरुसात. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरला की परभणीत पाय ठेवायला जागा नसते. तिथं कानातल्यांच्या गाड्यावर एक पोरगं मान तिरकी करून आरशात बघत होतं. डाव्या कानाला चांदणी, उजव्याला नुसता ठिपका. आमच्या गल्लीतल्या काकू शेजारीच उभ्या.

"बहिणीसाठी घ्यायलास का रे बाळा?"

"नाही मावशी, मलाच."

काकूंनी गाडेवाल्याकडे बघितलं, काहीतरी न्याय कर म्हणून. तो पुडी बांधता बांधता म्हणाला, "दोघांलाबी चालतंय मावशी. जोडी पन्नासला." काकू पाळण्यात न बसताच घरी आल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी अशी होती की पोरानं सोबत नथही घेतली.

मग रात्री ओट्यावर न्यायनिवाडा. गुन्हेगार कोण? कुणाच्या तरी नातीनं मोबाइल काढून दाखवला: हॅरी स्टाइल्स नावाचा इंग्लंडचा गायक, अमेरिकेतल्या 'व्होग' मासिकाच्या डिसेंबर 2020 च्या मुखपृष्ठावर झालरीचा झगा घालून उभा. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर एकटा झळकणारा तो पहिलाच पुरुष. "इतक्या वर्षांनी एक गडी घेतला, तोबी झग्यात!" काकूंचा शेरा. पाठोपाठ रणवीर सिंगचे घेरदार स्कर्ट निघाले. "बायको काही म्हणत नाही का वं ह्याला?" हे सगळं ऐकत कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक मामा बसले होते. "संस्कृती बुडाली," ते म्हणाले, आणि पाय वर घेताना लुंगी नीट सावरली.

मला राहवलं नाही. काकूंचं शेत मानवतकडे. कापूस वेचायला बाया निघतात तेव्हा लुगड्यावर काय असतं? मालकाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट! कॉलर वर केलेली, मनगटापाशी गुंड्या लावलेल्या, डोक्याला रुमाल आणि कमरेला ओटी. वाळलेल्या बोंडाची टोकं हाताला ओरबाडतात, सकाळी पऱ्हाटी दवानं ओली असते, दुपारी ऊन भाजून काढतं. ब्लाउजच्या अर्ध्या बाहीचं तिथं काम नाही. सेलू, मानवत, पाथरी, कुठल्याही रस्त्यानं हंगामात जा, रानोरान ह्याच फॅशनचा ताफा दिसेल. शहरातल्या मॉलमध्ये तोच अवतार 'ओव्हरसाइज्ड बॉयफ्रेंड शर्ट' म्हणून हँगरला लटकतो आणि वेचणीच्या आठवडाभराची मजुरी मागतो. काकू म्हणाल्या, "ते कामासाठी असतंय, शौकासाठी नाही." इथं मेख आहे बघा. घामासाठी घातलं तर कुणाची हरकत नाही. आरशासाठी घातलं की पंचायत बसते.

आणि देवासाठी घातलं तर हात जोडायचे. गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं, संत जनाबाईंचं गाव. तिची पदकाच्या चोरीची कथा इथं शेंबड्या पोरालाही पाठ. पांडुरंग रात्री जनीच्या झोपडीत थांबला, पहाटे काकडआरतीच्या गडबडीत स्वतःचा शेला आणि रत्नजडित पदक तिथंच विसरला आणि जनीची ठिगळांची वाकळ पांघरून राऊळात जाऊन उभा राहिला. पुजाऱ्यांनी बघितलं तर देवाच्या अंगावर मोलकरणीची वाकळ! चोरीचा आळ आला जनीवर, तिला सुळापर्यंत नेलं. देवाला मात्र कुणी विचारलं नाही की बाबा, बाईचं पांघरूण घेऊन कुठं फिरतोस? विचारणार कसं? तो तिच्याबरोबर जात्यावर बसतो, तिची वेणीफणी करतो, आणि अख्खी वारी त्याला विठाई माउली म्हणते. ओट्यावर एकदम शांतता. मामांनी लुंगी पुन्हा सावरली.

पोतराज घ्या. पिळदार गडी, हातात आसूड, कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, केस वाढवलेले, कपाळ हळदीकुंकवानं माखलेलं. दारात आला की ह्याच काकू सूप भरून जोंधळे घालतात. तिथं 'काय घातलंय हे' असं तोंडातून निघेल? जीभ झडेल!

शहरातल्या सुशिक्षितांनी तर आणखीच कमाल केली होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे टिळकांनी ज्यांना बालगंधर्व म्हटलं ते, भामिनी होऊन, सिंधू होऊन रंगमंचावर आले की पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका नाटक कमी आणि शालू जास्त बघत. पदर कसा घ्यायचा, खोपा कुठं बांधायचा, कुठल्या लुगड्यावर कुठला दागिना, हे सारं त्या एका पुरुषाकडून शिकल्या आणि घरी येऊन नवऱ्याकडे तसल्याच पैठणीचा हट्ट धरून बसल्या. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या बायकांची फॅशन एका बाप्यानं ठरवली, आणि 1964 साली सरकारनं त्याला पद्मभूषण दिलं. आता उरुसातल्या पोरानं पन्नास रुपयांची चांदणी घेतली तर ओट्यावर सभा. अर्थात बालगंधर्व गात होते, हा फरक मान्य.

ह्यातून सुटायची एक हमखास युक्ती पोरांनी शोधली आहे. कानात खडा असला की बाप ओरडतो. तोच कानाच्या वरच्या पाळीला मोत्यांची भिकबाळी असली की बाप फोटो काढतो, कारण पेशवाईतले पुरुष ती घालायचे. ढोल-ताशा पथकात गेलं की काम फत्ते. आणि पोरींचं काय विचारता! लग्नात करवल्यांनी फेटे बांधले, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा, गॉगल अशा थाटात बुलेट हाणली, की पेपरात फोटो. फेटा काय बायकांचा होता? पण पोरगी वर चढली की कौतुक. "आमची पोरगी पोरासारखी आहे" असं आईबाप छातीठोक सांगतात. "आमचं पोरगं पोरीसारखं आहे" असं कौतुकानं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. इकडं कामचुकार साहेबाला मोर्चावाले बांगड्यांचा आहेर देतात. उद्या साहेबानं हात पुढे करून "ह्या रंगात अजून आहेत का?" विचारलं तर त्या आंदोलनाचं काय व्हायचं, ह्याचाही विचार पक्षांनी करून ठेवावा.

तशी पुरुषमंडळी चोरून मारून नटतच होती. गोरं करणारी बायकांची क्रीम ते लपून लावतात हे कंपन्यांना ठाऊक होतं. म्हणून तर 2005 मध्ये पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आली आणि जाहिरातीत तीच चोरी चव्हाट्यावर मांडली.

ह्या सगळ्या प्रकरणात मनापासून दुःखी माणूस मला एकच दिसला, आमचा टेलर. पुरुषाच्या शर्टाला काज डाव्या बाजूला आणि गुंड्या उजव्या, बायकांच्या उलट. हयात गेली त्याची ह्या हिशोबात. आता पोरगी येते, म्हणते शर्ट पुरुषी हवा. पोरगा येतो, कमरेत चुण्या मागतो. "ताई, छातीचं माप सांगा, लांबी सांगा, समदं शिवतो," तो टेप गळ्यात टाकत म्हणाला, "फक्त काज कुठं पाडू तेवढं सांगा." आता तो तुकड्यावर खडूनं आधी बाण काढून घेतो आणि गिऱ्हाइकाकडून होकार आला तरच कात्री लावतो.

पण ओट्यावरची ताजी चर्चा कपड्यांच्याही पुढं गेली आहे. लग्नसराई तोंडावर आहे. नवरदेव म्हणजे मुळात हळद, मेंदी, काजळ, मुंडावळ्या असा सजवलेला गडी. त्यात आता फेशियल, केराटिन आणि लग्नादिवशीचा मेकअप आला. परवा एका घरी याद्या लिहायला बैठक बसली. मानपान, वरदक्षिणेऐवजी काय, आचारी कुणाचा, सगळं सुरळीत पार पडलं. मग वरपित्यानं घसा खाकरून विचारलं, नवरीच्या पार्लरचा खर्च तुमच्याकडे आहेच, तर त्यातच आमच्या पोराचंही धरा. वधूपित्यानं पेन खाली ठेवलं. मध्यस्थांनी चहा मागवला. दोन तासांनी तोडगा निघाला: क्रीम-पावडर ज्याची त्यानं बघायची, मेकअपवाली मात्र एकच, आणि खुर्चीवर आधी नवरी बसणार. नवरदेवाला हे शेवटचं कलम मान्य नाही म्हणे; तो म्हणतोय, मला जास्त वेळ लागतो.