फिरत्या सोलर प्लेटवर इलेक्ट्रिक गाडी कशी भरावी : साकोलीकरांसाठी अधिकृत वाटाव्यात अशा सूचना

या सूचना साकोली, सेंदूरवाफा आणि आसपासच्या खेड्यांतल्या अशा सद्गृहस्थांसाठी आहेत, ज्यांनी इलेक्ट्रिक सायकल, स्कूटर किंवा ई-रिक्षा घेतली आहे आणि यापुढे महावितरणचे उपकार नकोत, असे चहाच्या टपरीवर चार लोकांदेखत जाहीर करून टाकले आहे. जाहीर केले नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. चार्जर घरातल्या प्लगात खुपसावा आणि पुढचे वाचू नये.

सर्वप्रथम गाडीची भूक तपासावी. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी साधारण 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासांची असते, म्हणजे 360 वॉट-तास. जेमतेम तिसरा हिस्सा युनिट. 100 वॉटची सोलर प्लेट चांगल्या उन्हाच्या दिवशी चारशेच्या वर वॉट-तास देते. वायर आणि कंट्रोलर आपापला वाटा काढून घेतात आणि साडेतीनशेच्या आसपास हाती लागतात. एक दिवसाचे ऊन, एक सायकल. लाखनीला जाऊन परत यावे, अधूनमधून पायडल मारले तर थोडे उरेलही. एवढी वीज घरच्या प्लगावर दोन-चार रुपयांत मिळते, हा तपशील टपरीवर काढू नये.

स्कूटरचे तसे नाही. तिच्या पोटात तीन युनिटांच्या आसपास मावते. त्याच प्लेटवर ती भरायला आठ-नऊ दिवस लागतात. या काळात गाडी अत्यंत सुस्थितीत राहते, कारण ती चालतच नाही.

ई-रिक्षावाल्यांनी जरा बसून घ्यावे. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकी 100 अँपिअर-तासांच्या, म्हणजे 4.8 युनिट. त्यासाठी 540 वॉटची मोठी प्लेट आणली तर ती सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून रुंद आणि पंचवीस किलोंच्या वर भरते. उचलून कुठेही नेता येते, असे दुकानदार सांगतो. उचलायला कोण येणार, हे बिलात नसते. ती टपावर बांधावी. दिवसाला दोन-सव्वादोन युनिट मिळतील, म्हणजे दोन दिवस उन्हात उभे राहून एक दिवसाचा धंदा. सवारी म्हणेल गाडी झाडाखाली घ्या, प्लेट म्हणेल उन्हात घ्या. दोघांपैकी जो पैसे देतो त्याचे ऐकावे.

आता जोडणी. प्लेटची दोन टोके बॅटरीच्या दोन टोकांना लावली की काम झाले, असे सांगणारा एक मनुष्य प्रत्येक आळीत असतो. त्याला नमस्कार करून पुढे जावे. ‘12 व्होल्टची’ म्हणून विकली जाणारी प्लेट उन्हात अठरा व्होल्ट देते आणि 36 व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरायला 42 लागतात. पाणी जसे आपोआप वर चढत नाही तशी वीजही नाही. मधे व्होल्टेज वर चढवणारा एमपीपीटी कंट्रोलर लागतो, तोही त्याच बॅटरीसाठी 42 वर बेतलेला. दुसरा रस्ता लांबचा : प्लेटमधून एका मधल्या बॅटरीत, तिच्यातून इन्व्हर्टरमध्ये, तिथून गाडीच्या चार्जरमध्ये आणि शेवटी गाडीत. प्रत्येक नाक्यावर थोडी थोडी वसुली होते आणि निघालेल्या विजेतला चांगला तिसरा हिस्सा वाटेतच संपतो. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

ऊन कोणते घ्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. साकोलीत मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन माणसाची सावली पायाखाली जाते, आणि नवख्याला वाटते की हाच आपला सुगीचा काळ. प्लेटवरचे वॉट मात्र प्लेट 25 अंशांवर असताना मोजलेले असतात. मे महिन्यात तीच प्लेट पासष्ट-सत्तर अंशांना तापते आणि तिची सुमारे पंधरा टक्के ताकद उष्णतेतच जाते. शिवाय लिथियम बॅटरी साधारणतः 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, असे तिच्या माहितीपत्रकात असते. म्हणजे सूर्य जेव्हा सर्वाधिक द्यायला तयार असतो, नेमके तेव्हाच घ्यायला मनाई. यावर उपाय एकच : प्लेट अंगणात, बॅटरी माजघरात आणि मधे जाड तांब्याची लांब वायर, जिला घरातला प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी अडखळेल.

अंगणाचा विषय निघालाच आहे तर तो नीट हाताळावा, कारण बहुतेकांची ऊर्जाक्रांती इथेच अडते. दिवाळीच्या सुमारास अंगणात धान पसरलेले असते. फेब्रुवारीपासून पापड-कुरडया. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले. उन्हाळी धान असेल तर मे-जूनमध्ये पुन्हा तेच. प्लेट मांडताच घरातली बुढी ओसरीवरून विचारते, “काहून गा, हे का वारू घातलंस?” वीज तयार होते आहे, असे सांगितले की ती प्लेटीखाली वाकून बघते, काहीच वाळत नाही याची खात्री करून घेते आणि मोहाची चादर एक हात पुढे सरकवते. वाद घालू नये. तिच्या चादरीवरच्या मालाला बाजारात भाव आहे, तुमच्या साडेतीनशे वॉट-तासांना नाही. अंगण निर्विवाद मोकळे मिळते ते आषाढ-श्रावणात. त्या दोन महिन्यांत प्लेट खुशाल ठेवावी; पाऊस ती धुऊन काढतो आणि राईस मिलची बसलेली राख आपोआप जाते. एरवी ती पहाटे पुसावी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकण्याची भीती असते.

प्लेट दक्षिणेकडे, सुमारे एकवीस अंशांनी कलती ठेवावी, कारण साकोलीचा अक्षांश तेवढाच आहे. सावलीपासून जपावे. आतल्या चकत्या एकामागे एक ओळीने जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यावर पळसाचे पान पडले तरी ती अख्खी ओळ कामातून जाते. वाळत घातलेले धोतर, केबलची वायर, शेजाऱ्याचे कुतूहल, सगळे याच सदरात मोडते. पिटेझरीकडच्या गावांत वानरेही मोजावीत. नागझिऱ्यात पर्यटक ज्यांचे फोटो काढतात, तीच मंडळी गावात छतावर येऊन शेपटी प्लेटवर सोडून बसतात आणि बॅटरी भरणे थांबते.

आपण एकटेच वेडे नाही, याचा आधार हवा असेल तर पुढील माहिती पाठ करावी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच इलेक्ट्रिक सायकलरिक्षावर काम सुरू केले, तेव्हा ई-रिक्षा हा शब्दही रस्त्यावर आलेला नव्हता. 2008 च्या गांधी जयंतीला दिल्लीत दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेची ‘सोलेक्शा’ आली. तिच्यात शहाणपणाची गोष्ट ही होती की प्लेट रिक्षावर नव्हतीच. बॅटऱ्या सौर केंद्रावर भरायच्या आणि रिकामी देऊन भरलेली घ्यायची. 2016 मध्ये नवीन राबेल्ली हे अभियंते छतावर सोलर प्लेट असलेली ऑटोरिक्षा घेऊन बंगळूरहून थेट लंडनला पोहोचले. पॅरिसमध्ये त्यांचा पासपोर्ट चोरीला गेला.

काही जण मधेच सांगतील की प्लेट घराच्या छतावर एकदाच पक्की बसवावी. 2024 पासूनच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, दिवसा वीज महावितरणला द्यावी आणि रात्री परत घेऊन गाडी निवांत भरावी. हे म्हणणे सर्वस्वी बरोबर असल्यामुळे त्यावर चर्चा करू नये.

राहता राहिला पहारा. जी प्लेट आपल्याला उचलता येते ती इतरांनाही येते, म्हणून तिच्याजवळ कायम एक माणूस हवा. प्लेट दर दोन तासांनी सूर्याकडे फिरवणे, शेळी हाकलणे, वानराला दगड दाखवणे आणि ढग आला की “झाला का चार्ज?” असे ओरडून विचारणे, ही त्याची कर्तव्ये. या पदासाठी घरातले आबाजी सर्वात योग्य. मानधन म्हणून दोन वेळचा चहा आणि एक खर्रा ठरवावा. मात्र जेवणानंतर त्यांना बाजेवर झोप लागते आणि बाज ते नेहमी सावलीत ओढतात, हे लक्षात घेऊन दुपारी एक ते तीन चार्जिंग बंद राहील, अशी पाटी प्लेटीला लावून ठेवावी.