धुराचं गिऱ्हाईक

नांदगाव खंडेश्वरात मटणाबद्दल सल्ला मागावा लागत नाही. धुळवड जवळ आली की तो आपोआप घरी चालत येतो. बोकड कोणाकडचा घ्यावा, खोबरं किती काळं भाजावं, तर्री कशानं सुटते, यावर ज्याला मत नाही असा माणूस तालुक्यात नाही. आमच्या शेजारचे माळकरी काकाही "मी खात नाही, पण" अशी सुरुवात करून पाच मिनिटं बोलतात, आणि त्यांचं सहसा बरोबर असतं. याच जाणकारांना "लाकूड कुठं मिळेल?" असं विचारून पाहा. ते तुमच्याकडे काळजीनं बघतात आणि घरी सगळं बरं आहे ना, असं विचारतात.

यंदा ते विचारायची पाळी भाच्यामुळं आली. भाचा पुण्यात संगणकावर काम करतो आणि रात्री मोबाइलवर टेक्सासमधली जाडजूड माणसं लोखंडी टाक्यांत मांस ठेवून दिवसभर धुरवतात ते बघत बसतो. होळीच्या सुटीत समृद्धी महामार्गानं गाडी हाणत तो आला आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी म्हणाला, "मामा, यंदा मटण स्मोक करायचं."

"काय करू म्हन्ते थो?" आईनं आतून विचारलं.

"धुरात शिजवायचं, आजी. सात-आठ तास. मंद."

आई बाहेर आली. "माह्या अर्ध्या जिंदगीचा धूर डोयात गेला. सिलिंडर आलं तवा कुठी डोये उघडले. अन् तू धूर करासाठी पुन्याहून आला?"

तिच्या बोलण्याला उत्तर नव्हतं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच चुली निदान मागच्या दारी तरी गेल्या. तोवर फुंकणी, खोकला आणि लाल डोळे यांना स्वयंपाक म्हणत. आता पुरुष धुरापाशी जाऊन उभा राहिला, तर त्याला छंद म्हणतात.

भाच्याचं शास्त्र मात्र पक्कं होतं. कोळसा घालायचा आंचेसाठी, लाकूड घालायचं धुरासाठी. कोळसा पाडताना लाकूड मातीखाली, हवा तोडून धुमसत ठेवतात. त्यातलं पाणी आणि धूर तिथंच निघून जातो आणि चार-पाच किलो लाकडामागं जेमतेम किलोभर कोळसा हाती लागतो. म्हणून चांगला कोळसा धूर देत नाही. चव पाहिजे तर वाळकं, टणक लाकूड हवं आणि पिप्याच्या आतली उष्णता 110 अंशांच्या आसपास. पिपा म्हणजे तेलाचा रिकामा पिपा, त्याला भाच्यानं आल्याआल्याच भोकं पाडली होती. "हिकरी मिळालं तर बेस्ट," तो म्हणाला. हिकरी हे अमेरिकेतलं, अक्रोडाच्या कुळातलं झाड. बडनेऱ्यापासून नेरपर्यंत मी आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून बघत आलो आहे, अक्रोडाच्या कुळातलं कोणी मला दिसलं नाही.

आंबा आहे, आमच्याच धुऱ्यावर आहे. पण 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग, चिंच आणि मोहाच्या पंगतीला आंबाही बसला आहे. स्वतःच्या शेतातला असला तरी पाडायला परवानगी लागते. अर्जात कारण लिहायचं, आणि 'मटणाला वास यावा म्हणून' या कारणावर साहेब काय शेरा मारतील ते वाचायची माझी हिंमत नव्हती. वाळकी फांदी चालली असती, पण झाडावर बाळकैऱ्या होत्या आणि लोणच्याच्या हिशेबानं आईची त्यांच्यावर नजर होती.

मग लाकडाच्या टालीवर गेलो. टालवाल्यानं मला पाहिलं, हातातला चहा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "कधी?"

"उद्या दुपारी."

"तवरोक कुठी ठेवलं मंग?"

"फ्रीजमध्ये."

त्यानं मान हलवली. "बाहेरगावचे येनार असतीन."

"हो, भाचा आलाय पुण्याहून."

"वय काय होतं?"

"वर्षाचं असेल. कोवळं पाहूनच घेतलं. मसालाही लावून ठेवलाय."

यानंतर टालवाला बराच वेळ काही बोलला नाही. उलगडा झाल्यावर तो हसला नाहीच, उलट चिडला. त्याचंही खरं होतं. टालीवर माणूस आता एकाच कामासाठी येतो आणि सात-आठ मणांखाली नेत नाही. "पाच किलोत कोनाचं होते भाऊ?" असं म्हणून त्यानं चहा परत उचलला.

कोळशाचं काम त्या मानानं सोपं झालं. चौकातल्या इस्त्रीवाल्यानं ओळखीखातर पिशवीभर दिला, बाभळीचा, एकमेकांवर आपटला की टणटण वाजणारा. "कपड्याले वास नाही लागत याचा," अशी त्यानं हमी दिली. आम्ही तोंड पाडून ती स्वीकारली.

पऱ्हाटी-तुराटीचं नाव निघालंच, वऱ्हाडात ते न निघालं तर बैठक संपत नाही. तुराटीच्या जाळावर वांगं भाजताना कोणी नीट पाहिलं आहे का? आधी साल तडकते, मग देठापाशी रस सुसू करत बाहेर येतो, त्याचा एक थेंब निखाऱ्यात पडतो आणि जो धूर वर येतो तो थेट वांग्यात शिरतो. भरताची अर्धी चव त्या थेंबात आहे. गोवऱ्यांच्या आरात पुरलेले रोडगेही तसेच, वरची राख फडक्यानं झटकली तरी वास झटकला जात नाही. म्हणजे धुराची चव आम्हाला टेक्सासनं शिकवायला नको. पण पऱ्हाटी उरली कुठं? 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असा धोशा कृषी खात्यानं लावला. ती आता यंत्रात भुगा होते, नाहीतर कारखान्यात दाबून तिच्या कांड्या करतात. शिवाय हंगामभर फवारणीचं पाणी प्यालेली पऱ्हाटी जाळून तिचा धूर मटणाला पाजायचा, हे भाच्यालाही पटलं नाही.

आणि मांस धुरवण्याची आम्हाला गरज तरी कधी पडली? धुरावर मांस टिकवावं लागतं ते ओल्या, गारठ्याच्या मुलखात. नागालँडात चुलीवर मचाण बांधून ते महिनोन् महिने टांगतात. आमच्याकडे ते खातं सूर्याकडे आहे. मराठवाड्यात उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या करतात, शाहू पाटोळ्यांनी 2015 च्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. मे महिन्यात 45 अंश बघणाऱ्या माणसानं हौसेनं विस्तवापाशी आठ तास बसायचं म्हणजे त्याला पुण्याचंच पाणी लागलेलं असावं लागतं.

दुपारी भाचा मोबाइलवर परदेशी लाकडाच्या ढलप्या शोधत होता. मेस्किट नावाच्या लाकडाची एक पिशवी मटणापेक्षा महाग होती. मी चष्मा लावून फोटो पाहिला. तीच बारीक पानं, तेच काटे, त्याच पिवळट शेंगा. "अरे, ही वेडी बाभूळ!" सख्खी नसेल, पण चुलत बहीण नक्की. एकोणिसाव्या शतकात ही मंडळी अमेरिकेकडून हिंदुस्थानात आली आणि नाल्याकाठी, पडीकात, जागा दिसेल तिथं पसरली. पसरवलं कोणी? बकऱ्यांनी. बकऱ्या शेंगा खातात आणि बिया लेंड्यांतून पेरत जातात. आपल्यालाच पुढं कामी येणारं लाकूड स्वतः लावणारा असा दूरदर्शी प्राणी दुसरा नसेल.

एका कुंपणाची जुनी, खडखडीत वाळलेली काटी मालकानं हसत देऊन टाकली. घेऊन जाता म्हणून तो आम्हाला चहा पाजत होता. संध्याकाळपर्यंत अंगणात टेक्सासला लाजवील असा ढीग लागला. फ्रीजमध्ये वर होळीच्या नैवेद्याचं पुरण, खाली मटण आणि मधे आईनं आडवी घातलेली स्टीलची परात, अशी सगळी सिद्धता झाली.

फक्त ती रात्र होळीची होती. होळीसाठी पोट्टे लाकडं पळवतात आणि होळीत पडलेलं लाकूड परत मागायचं नसतं, हे पुण्यात राहून भाचा विसरला होता. आम्ही पोचलो तेव्हा शेणाच्या चाकोल्यांच्या माळांखाली आमचं मेस्किट धडाडून पेटलेलं होतं. भाचा डोळे मिटून वास घेत उभा राहिला. "काय ॲरोमा आहे मामा," तो म्हणाला.

धुळवडीला मटण आईनंच केलं, गॅसवर. उतरवताना तिनं इस्त्रीवाल्याचा एक कोळसा लालबुंद केला, वाटीत घालून वाटी रश्श्यात तरंगत ठेवली, वर चमचाभर तूप सोडलं आणि झाकण दाबलं. दहा मिनिटांनी भाच्यानं पहिला घास घेतला आणि ओरडला, "हेच! हेच पाहिजे होतं!"

"मंग आठ तास कायले लागतेत त्या लोकायले?" आईनं विचारलं.

पुण्याला गेल्यावर भाच्याचा फोन आला. मित्रांना वेड्या बाभळीबद्दल सांगितलं होतं, एक पोतं पाठवा म्हणाला. मी ते घेऊन ट्रॅव्हल्सच्या टपरीवर गेलो.

"काय हाय पोत्यात?" तिथल्या पोरानं विचारलं. "सागवान असंन तर कागद लागतीन."

"वेडी बाभूळ."

त्याला खरं वाटेना. त्यानं पोत्यात हात घातला आणि लगेच काढला. "पुन्याले बाभूय नाही काय?"

"ही मटणासाठी आहे."

त्यानं बोट चोखत माझ्याकडं पाहिलं, पावतीवर 'आयुर्वेदिक सामान' असं लिहिलं आणि भाडं दुप्पट लावलं.