केसांची गोळी

चाळीसगावात पन्नाशी ओलांडलेले दोन पुरुष भेटले की पूर्वी कापसाचा भाव निघायचा. आता भडगाव रोडवर सकाळी फिरताना राम राम संपतो न संपतो तोच विचारणा होते, "आप्पा, तुमनी शुगर कितली शे?" आणि आप्पाही बागायती जमिनीचा गट नंबर सांगावा तशा ठसक्यात सांगतात, "उपाशीपोटी एकशे साठ!" यात लाजबीज काही नाही, असलाच तर मोठेपणा आहे. ज्याला दिवसाला एकच गोळी चालू आहे, त्याच्या मताला आमच्यात फारशी किंमत नाही.

खिशात जिथे चंची असायची तिथे आता सात कप्प्यांची डबी असते. गोळ्यांचं वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ. पॅन्टोप्राझोल उपाशीपोटी, ग्लिमेपिराइड जेवणाआधी, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, कोलेस्टेरॉलची रात्री. यातली ग्लिमेपिराइड तेवढी बेभरवशाची. ती पोटात गेली की ताट लगेच पुढ्यात यायला हवं, नाहीतर साखर घसरते. खानदेशातल्या लग्नात हे कसं जमायचं? पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, नवरदेवाचे मित्र मारुतीच्या पारापुढे अजून नाचतायत, आणि इकडे मांडवात आबांना दरदरून घाम फुटलेला, हात थरथरतायत. कोणीतरी शहाण्या माणसाने धावत जाऊन आचाऱ्याकडून पाकातली जिलबी आणली आणि आबांच्या तोंडात कोंबली. डॉक्टरांनी बंद केलेली जिलबी, तीही औषध म्हणून, वर चार माणसं वारा घालतायत! तेव्हापासून आबा एकही लग्न चुकवत नाहीत आणि ती गोळी घरूनच घेऊन निघतात.

नानांचं वेगळं. त्यांना प्रत्येक औषधाचं मूळ-कूळ लागतं. त्यांना कोरडा खोकला लागला आणि तो बीपीच्या गोळीचा निघाला. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो. नातवाने वाचून सांगितलं, की या घराण्यातली पहिली गोळी ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाली. झालं! डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, खोकला गेला, पण नाना अजून सांगतात, "मला सर्पदंश झाला होता, तोंडावाटे."

याच नानांना व्हिटॅमिन डी कमी निघालं. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसला जाऊन बसतो, आणि डॉक्टर म्हणतात, अंगाला ऊन कमी पडतंय. नानांनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानेही आठवड्याला एक, 60,000 युनिटची पुडी लिहून दिली. खरं म्हणजे डॉक्टर बरोबर होते. ज्याला परवडतं तो दिवसभर खिडक्या बंद करून कूलरपुढे बसतो, आणि बाहेर पडलाच तर डोळे सोडून सगळं उपरण्यात गुंडाळतो. उन्हाने त्याला गाठावं तरी कुठे?

हे सगळं चव्हाट्यावर चालतं. एका गोळीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. सगळं अंग आटत चाललेलं असताना ही तेवढी वाढत जाते आणि नळी आवळते. मग रात्रीच्या फेऱ्या सुरू होतात. आमच्या गावच्या केकी मूस या थोर छायाचित्रकाराबद्दल सांगतात, की ते स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात वर्षानुवर्षं रात्री पंजाब मेलची वाट पाहत, कोणीतरी यायचं होतं म्हणून. ते 1989 साली गेले. पंजाब मेल जाते तेव्हा गावातले कितीतरी पुरुष आजही जागे असतात, पण त्यांच्यावर कोणी गोष्ट लिहिणार नाही.

यावर टॅमसुलोसिन असते, ती तिथले स्नायू सैल करते. जोडीला फिनास्टेराइड, ती ग्रंथी हळूहळू लहान करते. आबांच्या डबीत नानांना ही दुसरी दिसली तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "केसांची आहे." आणि ते खोटंही नव्हतं. तेच औषध 5 मिलिग्रॅममध्ये प्रोस्टेटला आणि 1 मिलिग्रॅममध्ये टक्कल थांबवायला देतात. आबांच्या डोक्याकडे पाहून आम्ही विषय वाढवला नाही.

फुटलं ते आप्पांमुळे. डिसेंबरात त्यांना सर्दी झाली. नानांनी सवयीने खिशातून सर्दीची गोळी काढून दिली. गोळ्यांची देवाणघेवाण आमच्यात तंबाखूसारखी चालते, ती बंद व्हायला हवी हे आता कळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, लघवी तुंबू शकते. पण आप्पांना प्रोस्टेट आहे हे नानांना ठाऊक कुठे होतं? आणि ते नानांना सांगण्यापेक्षा आप्पांनी गोळी गिळणं पसंत केलं. मध्यरात्री सगळं बंद! पोट टम्म, जीव कासावीस. दवाखान्यात नळी घातली तेव्हा सुटका झाली.

सकाळी आम्ही भेटायला गेलो. कॉटला पिशवी लटकलेली. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळे तिच्याचकडे पाहत होते. नानांचा चेहरा तर गुन्हेगारासारखा. ते खाली वाकून आप्पांच्या कानाशी म्हणाले, "माले बी शे." मग दाराजवळच्या एकाने सांगितलं, त्यालाही आहे. मग मी. पाच मिनिटांत त्या खोलीत टॅमसुलोसिन रात्री जेवून घ्यावी की झोपताना, पटकन उठल्यावर चक्कर कोणाला येते, चहा किती वाजता बंद करावा, यावर अशी चर्चा पेटली की सिस्टर ओरडायला आल्या.

आबा तेवढे गप्प होते. नाना त्यांच्याकडे वळले, "आणि तुमची ती केसांची गोळी हो?"

आबांनी टकलावरून हात फिरवला. "दोन वर्षं झाली, एक केस उगवला नाही. तुम्हीच ओळखायला नको?"