म्हसोबाच्या पाराच्या डावीकडे

माझ्या हातून आयुष्यात एकच अर्ज यशस्वी झाला आहे. बहिणीच्या घरच्या नळजोडणीचा. तेव्हापासून दाजी मला कायदेपंडित समजतात. त्यामुळे दिवाळीत त्यांनी आपला अकरा एकरांचा माळ दाखवून "पाव्हणं, हितं इमान उतरवायचं. अर्ज लिवा," असं फर्मावलं, तेव्हा नाही म्हणायची अक्कल मला सुचली नाही. उलट रात्री जागून मी चार पानं लिहिली. तालुक्याचा विकास, डाळिंबाची निर्यात, तरुणांच्या हाताला काम. धावपट्टीची लांबी तेवढी राहिली.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत. विमानतळांच्या तपासणीत त्यांची हयात गेली. टपालात टाकण्याआधी अर्ज त्यांना दाखवावा म्हणून आम्ही दोघं गेलो. दाजींनी पेढे आधीच घेतले होते.

काकांनी चार पानं उलटी करून ठेवली. "अर्ज नंतर. आधी नुसती चौकशी करायची असते. समजा, मीच कचेरी. जागा कुठे?"

"एसटी स्टँडपासून अडीच किलोमीटर," मी म्हणालो, "म्हसोबाच्या पाराच्या डावीकडे."

"वैमानिकाला म्हसोबा दिसत नाही. अक्षांश-रेखांश सांगा. समुद्रसपाटीपासूनची उंची सांगा."

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी पेढ्यांकडे पाहिलं.

"खासगी वापराचा परवाना हवा की सार्वजनिक? खासगी म्हणजे तुम्ही आणि तुम्ही मुभा दिलेली माणसं. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांना सारख्याच अटींवर खुला."

"खाजगीच," दाजी म्हणाले. "पन गावातलं कुनी आलं तर न्हाई कसं म्हनायचं?"

"फक्त दिवसा, डोळ्यांनी बघून उतरायचं, की रात्रीही?"

"रात्री आमच्याकडे लाईट नसते," मी तत्परतेने माहिती पुरवली.

मग लांबी निघाली. माळ चारशे मीटर, पुढे ओढा. 2017 साली शिर्डीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा त्याची धावपट्टी 2500 मीटरची होती, हे काकांनी नुसतं सांगितलं. टोमणा मारला नाही. तो मला आपोआप लागला. धावपट्टी संपली की विमानतळ संपला, अशी माझी समजूत होती. पट्टीभोवती मोकळा पट्टा लागतो आणि त्यापलीकडे आकाशही मोकळं लागतं. आमच्या आकाशात साखर कारखान्याची चिमणी आणि एक मोबाईलचा टॉवर होता. टॉवर दाजींच्याच जागेत. भाडं दरमहा येतं.

"घारी येतात का?"

"लई!" दाजी खुलले. त्यांचा पोल्ट्रीचा धंदा. मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकतात. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या परिघात घारी-गिधाडं जमतील असा कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरं कापायला 1937 च्या विमान नियमांनीच बंदी घातली आहे, असं काकांनी सांगितल्यावर दाजी मला म्हणाले, "तुमी हे अर्जात लिवलं न्हाई न्हवं?" लिहिलं होतं. 'पशुपक्षीसंपदेने समृद्ध परिसर', पान तीन.

शेवटी सातबारा. त्यावर भावकीतली नऊ नावं, पैकी चौघांशी बोलणं नाही. शिवाय संरक्षण खातं, गृह खातं, पर्यावरण, स्थानिक संस्था, सगळ्यांची ना हरकत. त्यानंतर परवान्याचा अर्ज, त्याला जोडून विमानतळाची जाडजूड नियमपुस्तिका आणि मग तपासणी. काका म्हणाले, आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने 2001 मध्ये यावर एक मार्गदर्शिकाच काढली. तिच्यात पहिला टप्पा अर्जाचा नाहीच, इच्छेचा आहे. कुणी नुसती इच्छा बोलून दाखवली की जागा विमानोड्डाणाच्या दृष्टीने सुरक्षित आहे का, ते आधी पाहायचं. नसेल तर माणसाला तिथेच सांगायचं, म्हणजे त्याची फी आणि जमीन दोन्ही वाचतात. सरकारी कामात नकार इतक्या लवकर मिळू शकतो, हे मला नळजोडणीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. ती सात वर्षं चालली होती.

"आणि सगळं जमलंच," काकांनी चष्मा काढला, "तर काही चुकल्यावर जबाबदार कोण? तिथे एका माणसाचं नाव लागतं."

दाजींनी क्षणाचाही विलंब न लावता माझं नाव सांगितलं.

पेढे तिथेच ठेवून आम्ही निघालो. माळावर यंदा हरभरा आहे. घारी येतातच.